घराची जागल

आमच्या घरात एक खोली आहे जिला अजूनही सगळे बाळंतिणीची खोलीच म्हणतात. आता तिथे बियाण्याच्या थैल्या, जास्तीच्या गाद्या आणि माझ्या मुलाची पुस्तकं असतात, शेवटची बाळंतीण तिथून उठून सात वर्षं झाली, पण नाव काही गेलं नाही. या जानेवारीत एका रात्री अडीच-पावणेतीनला त्या खोलीतून टिक असा आवाज आला. मग शांत. मग मिनिटभराने परत टिक.

मी उठून बसलो. बायको म्हणाली पाल असेल, पण मला माहीत होतं ते काय आहे. चार वेळा लागोपाठ जोरात वाजलं असतं तर मी तिला आणि पोराला उचलूनच बाहेर पळालो असतो, पण हा एकेकटा टिक म्हणजे त्या यंत्राला काहीतरी पाहिजे आहे. मोबाईलची बॅटरी लावून पाहिलं तर भिंतीवरच्या विषारी वायूच्या अलार्मच्या त्या पांढऱ्या डबीच्या छोट्या स्क्रीनवर ‘एंड’ असं आलं होतं. सात वर्षं झाली. जानेवारी २०१९ मध्ये मीच मागच्या बाजूला मार्करने तारीख लिहून ती डबी लावली होती, तिच्या पुस्तिकेत आयुष्य सात वर्षंच दिलेलं होतं, आणि तिने अगदी वेळेवर सांगितलं की आता माझ्या भरवशावर झोपू नका. त्या रात्री मला पुढे झोप लागली नाही, सगळं डोळ्यासमोरून गेलं, म्हणून लिहून काढतो आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचं. एका बाजूला काळी जमीन आणि कापूस, दुसऱ्या बाजूला कोळसा. ज्यांना आमच्याकडची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हरभरा-गहू घाट्यावर-ओंबीवर आला की रात्री वावरात जागल करावी लागते. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई एका रात्रीत एकर-दीड एकर साफ करतात. त्यामुळे घरातला एक माणूस मचाणावर, अंगावर दोन घोंगड्या, हातात टॉर्च आणि एक रिकामा डबा वाजवायला. जागल म्हणजे काही शौर्य नसतं हो, नुसतं जागं राहायचं असतं, इतर सगळे झोपलेले असताना एकाने जागं राहायचं.

२०१८ च्या डिसेंबरात मी रोज जागलीला जात होतो. ती थंडी आमच्याकडच्या लोकांना अजून आठवते, २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. आमच्याकडेही वावरातल्या पाइपातलं पाणी पहाटे हाताला चटका बसावा इतकं गार. घरी धाकटी बहीण बाळंतपणाला आलेली, पोरगी वीस-बावीस दिवसांची. मायने तिच्यासाठी मागची नवी खोली रिकामी केली होती, स्लॅबची, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची, घरातली सगळ्यात चांगली खोली.

शेक-शेगडी आमच्याकडे सगळ्याच बाळंतिणींना असते. बाजेखाली इस्तो म्हणजे निखारे ठेवायचे, त्यावर ओवा, थोडा गुग्गुळ, लेकराची टाळू भरायची, हातपाय शेकायचे. माय हे काम फार निगुतीने करायची. शेगडी कधीही घरात पेटवायची नाही. आंगणात गवऱ्या आणि दगडी कोळसा घालून पेटवायची, पंख्याने वारा घालून घालून सगळा पिवळा-काळा धूर जाऊ द्यायची, आणि कोळसा लालबुंद झाला, धुराची एक रेघ उरली नाही, की मग दोन फडक्यांनी धरून आत न्यायची. धूर गेला म्हणजे शेगडी निवळली, असं तिच्या मायने तिला शिकवलेलं, तिच्या मायला तिच्या मायने. त्या रात्री थंडी फार म्हणून खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली, दाराखाली पोतं लावलं, आणि तिघी झोपल्या. माय, बहीण आणि ते लेकरू.

मी पहाटे पाचला वावरातून आलो. ओसरीत मामा झोपलेला, आदल्या दिवशीच भाचीच्या लेकराला पाहायला आला होता. मागच्या खोलीतून रोज या वेळेला पोरीचं रडणं ऐकू यायचं, त्या दिवशी काहीच नाही. मी दार वाजवलं. परत वाजवलं. बऱ्याच वेळाने मायने कडी काढली आणि दाराच्या चौकटीला धरूनच उभी राहिली, म्हणाली, “डोकं फुटून रायलं रे बापू, पायात जीवच नाई.” बहीण बाजेवर उठून बसायचा प्रयत्न करत होती आणि बसल्या बसल्या तिला उलटी झाली. पोरगी डोळे मिटून, हात लावला तर हात जिथे ठेवला तिथेच राहत होता.

मला वाटलं थंडी भरली. मी दार लावून घ्यायला निघालो होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, मी दार लावून घ्यायला निघालो होतो, कारण आत गरम होतं आणि बाहेर थंडी होती.

तेवढ्यात मामा मागे येऊन उभा राहिला. मामा वेकोलित, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीत होता, तीस वर्षं भूमिगत खाणीत काम केलेला माणूस, कमी बोलणारा. त्याने बाजेखाली पाहिलं, मला बाजूला लोटलं आणि एवढ्या जोरात ओरडला की शेजारचे जागे झाले, “लेकराले बाहेर आन आधी! दार उघड, खिडकी उघड, सगळ्याईले आंगणात काढ!” मी म्हटलं मामा बाहेर थंडी आहे. तो म्हणाला, “थंडीनं मरत नाई ते. हवेनं मरून रायलं.”

आंगणात, कडाक्याच्या थंडीत, घोंगडीत गुंडाळून पोरगी मांडीवर घेतली. चार-पाच मिनिटं गेली असतील, मला तास वाटला, आणि मग तिने एक बारीक आवाज काढला. रडणं म्हणता येणार नाही असा. पण काढला.

शेजाऱ्याच्या गाडीने निघालो. पहिल्या दवाखान्यात तिघींच्या बोटाला ती क्लिप लावली, ऑक्सिजन ९८ आला, बरं आहे म्हणाले, थंडीने झालं असेल. मामा हटला नाही. शेगडी होती खोलीत, बंद खोलीत, हे त्याने पुढच्या दवाखान्यात दारातूनच सांगितलं आणि तिथे तिघींनाही लगेच ऑक्सिजनचा मास्क लागला. नंतर मला कळलं की ती बोटाची क्लिप रक्ताचा रंग उजेडाने वाचते, आणि या विषारी वायूने भरलेलं रक्त तिला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. म्हणजे माणूस आतून गुदमरत असतो आणि आकडा ९८ दाखवतो. कोणाच्या घरी असं कधी झालं तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, की शेगडी होती, किंवा गिझर होता, किंवा जनरेटर होता. रक्त तपासून कळतं, पण कोणीतरी तिकडे लक्ष वेधलं तर.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर मामाने मला समजावलं. तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला चुरचुर नाही. कोळसा लाल झाला म्हणजे धूर संपतो, पण निखाऱ्याच्या पोटात हवा कमी पडते आणि तिथे हाच वायू तयार होतो. वर मोकळी हवा असली तर तो तिथेच जळतो. मामा म्हणाला, “निखाऱ्यावर त्या निळ्या वाती नाचतात, पाह्यल्या का कधी? तोच तो. जळून रायला तोपर्यंत ठीक. वाती विझल्या अन् कोळसा लाल हाय, म्हणजे तो आता न जळता खोलीत चालला.” मी लहानपणापासून त्या निळ्या वाती पाहत आलो आहे, आम्ही पोरं त्यांच्याकडे टक लावून बसायचो, आणि त्या काय आहेत हे मला चाळिशीला आल्यावर दवाखान्याच्या बाकावर कळलं.

रक्तातलं जे हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, ते या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं. एकदा धरलं की सोडत नाही. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनचा मास्क लावला तर तास-सव्वा तासावर येतं. लेकरांचा श्वास जलद चालतो म्हणून त्यांच्या अंगात तो आधी भिनतो. आणि झोपेत असेल तर माणूस जागाच होत नाही, डोकं दुखायला लागतं ते कळायलाही जागं असावं लागतं ना.

खाणीत हे सगळं शिकवतात म्हणे. कोळसा जमिनीत आतल्या आत तापायला लागला की आग दिसायच्या कितीतरी आधी हा वायू वाढतो, म्हणून त्याचं माप घेत राहायचं. मामाच्या कमरेला सेल्फ रेस्क्यूअरचा, म्हणजे विषारी वायूत जीव वाचवून बाहेर पडायला तोंडाला लावायच्या यंत्राचा डबा असायचा, आम्ही लहानपणी त्याला मामाचा जेवणाचा डबा समजायचो. इंग्लंडच्या खाणींमध्ये तर पिंजऱ्यात कॅनरी नावाचा छोटा पिवळा पक्षी घेऊन उतरायचे, जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात ते सुचवलं होतं, कारण पक्ष्याला हा वायू माणसाच्या आधी लागतो. तो पक्षी तिथे १९८६ पर्यंत होता. मामा सांगत होता आणि माझ्या डोक्यात एकच, की त्या रात्री आमच्या खोलीत कॅनरीच्या जागी माझ्या बहिणीची पोरगी होती.

तिघी वाचल्या. पोरगी तर आठ दिवसांत पहिल्यासारखी दूध प्यायला लागली. बहिणीला मात्र वेळ लागला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की काही दिवसांनी, काही आठवड्यांनीसुद्धा विसरायला होऊ शकतं, लक्ष ठेवा. तसं झालं. संक्रांतीच्या सुमारास ती चुलीपाशी हातात काडेपेटी घेऊन उभी होती, मी विचारलं काय करते, तर माझ्याकडे पाहून म्हणाली, “मी काऊन आली होती रे इथं?” आणि आत पोरगी रडत होती ते तिला ऐकू येत होतं पण त्याचं काय करायचं ते आठवत नव्हतं. होळीपर्यंत ते हळूहळू गेलं. मी देवाचे आणि मामाचे आभार मानतो.

मायने नंतर किती तरी दिवस शेगडीला हात लावला नाही. माझ्या हातानं झालं, एवढंच म्हणायची. मला तिला एक गोष्ट समजवायला फार दिवस लागले आणि ती मला इथेही नीट सांगायची आहे, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. माय जे करत होती ते तिची आजीही करत होती आणि तेव्हा काही झालं नाही, ते का? कारण ती घरं वेगळी होती. कुडाच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, कवेलूच्या फटींतून रात्री चांदणं दिसायचं, दाराच्या फळ्यांमधून बोट जायचं. ते घर रात्रभर श्वास घ्यायचं. आम्ही शेगडी तीच ठेवली आणि घर बदललं. स्लॅब टाकला, प्लास्टर केलं, सरकती खिडकी बसवली, फटी बुजवल्या, आणि याला सगळे पक्कं घर म्हणतात, मीही अभिमानाने म्हणायचो. गावात आता घरकुलाच्या अशा किती तरी खोल्या आहेत आणि थंडी आली की त्यांच्यात तीच जुनी शेगडी जाते. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामन इथे हॉटेलच्या एका खोलीत केरळचे आठ पर्यटक गेले, गॅसचा हीटर लावून झोपले होते, त्यात लेकरं होती. ती बातमी वाचून माय देवघरापुढे जाऊन बसली होती, बराच वेळ.

आमच्या घरचं ते झाल्यावर महिन्याभरातच काकाजींच्या घरी आग लागली. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५४५० रुपये होता आणि सगळे सहा हजाराची वाट पाहत कापूस घरात भरून बसलेले. शेतकऱ्याच्या घरात कापूस कसा असतो हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. पुढची खोली खिडकीच्या वरपर्यंत कापसाने भरलेली, मधून पाऊलवाट, त्यावरच पोरं लोळतात, अंगाला खाज सुटते, आणि वरून वायरला लटकलेला बल्ब. काकाजींच्या घरी उंदराने कुरतडलेल्या वायरीने काम केलं असावं. कापूस भडकून पेटला नाही, तो आतल्या आत धुमसत गेला. शेजारच्या खोलीत पाच माणसं झोपलेली. काकाजी त्या रात्री हातपाय गारठले म्हणून जागल सोडून तीनला घरी आले, नाहीतर सहाला येतात, आणि दारातच त्यांना वास आला.

आम्ही पोहोचलो तेव्हा खोलीत धूर छातीपर्यंत खाली आलेला. माणसं निघाली, बैल सोडले, मग दाताळ्यांनी कापूस ओढून आंगणात काढला आणि पाणी मारलं. वरून ओला, राखाडी, थंडगार झालेला तो ढीग. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथून जात होतो तर त्यातून परत एक बारीक धुराची दोरी वर चाललेली. हात घालून गठ्ठा फोडला तर आत हाताच्या मनगटाएवढं काळं भुयार गेलेलं आणि त्याच्या टोकाला लाल. कापसाची आग अशी असते. जिनिंगमधले लोक सांगतात, पूर्ण उकलल्याशिवाय विझली म्हणायचं नाही.

त्याच आठवड्यात मी अलार्म मागवले. धुराचे दोन आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक. तिन्ही मिळून एक क्विंटल कापसाच्या पैशातून थोडे परतही आले. आपल्याकडे साध्या घरात हे लावायची कोणी सक्ती करत नाही, त्यामुळे गावाच्या दुकानात मिळत नाहीत, भाच्याने पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवले. आणि मागवताना एक गोंधळ होतो तो आधी सांगतो. गॅस अलार्म म्हणून जो स्वस्तात दिसतो तो बहुतेक वेळा सिलिंडरच्या गॅसचा असतो. तोही चांगलाच आहे, पण त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, आणि याला सिलिंडरचा गॅस कळत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो म्हणून तो अलार्म जमिनीजवळ लावतात, आणि त्याला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून नाकालाही कळतो. वास आला तर बटणं चालू-बंद न करता दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावायचा. आमच्या खोलीत जे शिरलं होतं त्याला वासच नाही, त्याच्यासाठी डबी वेगळी.

धुराच्या अलार्ममध्ये पण दोन जाती. एकात अमेरिसियमचा अगदी कणभर किरणोत्सारी तुकडा असतो, त्याला भडकलेली आग लवकर कळते. दुसऱ्यात एक अंधारा कप्पा असतो, त्याच्यात उजेडाचा बारीक किरण, धूर आत शिरला की तो उजेड विखुरतो आणि अलार्म वाजतो, याला धुमसणारी आग लवकर कळते. काकाजींचा कापूस डोळ्यासमोर होता, मी दुसरा घेतला. आणि तिन्ही सेलवर चालणारे घेतले, कारण आमच्याकडे लाइन रात्री कधी जाईल ते सांगता येत नाही.

लावायला मामाच आला. धुराचा अलार्म छताला, भिंतीपासून हातभर आत, कोपऱ्यात नाही, कारण कोपऱ्यात हवा अडून राहते आणि धूर तिथे उशिरा पोहोचतो. चुलीपासून किमान दहा फूट लांब, नाहीतर मिरचीच्या ठेच्याला रोज वाजेल आणि रोज वाजणारा अलार्म घरचे लोक चार दिवसांत काढून ठेवतात. स्लॅबच्या खोलीत हे सोपं होतं. पुढच्या कवेलूच्या घरात प्रश्न आला, धूर फटींतून वरच्या वर निघून जातो, मग तिथे माळ्याच्या फळ्यांखाली, झोपायच्या खोलीच्या आणि कापसाच्या खोलीच्या मधल्या जागेत लावला. टिनाखाली तर लावूच नका. या डब्यांच्या पुस्तिकेत तापमानाची मर्यादा असते, पुष्कळांवर ४० अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात चंद्रपूरकडचा पारा सावलीत ४५-४६ च्या वर जातो, टिनाखाली हात धरवत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा मात्र छतालाच पाहिजे असं नाही. हा वायू हवेच्याच वजनाचा, किंचित हलका, सगळ्या खोलीत मिसळून जातो. माझ्या डबीच्या पुस्तिकेत होतं, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला भिंतीवर, आणि शेगडी-गिझर काय असेल त्यापासून एक ते तीन मीटरवर. पडद्यामागे नाही, कपाटाआड नाही. मामाने बाजेवर आडवं होऊन स्वतःच्या नाकाची उंची भिंतीवर बोटाने दाखवली, तिथे मी पेन्सिलने खूण केली, आणि तिथेच ड्रिल मारलं.

माझ्या डबीच्या पुस्तिकेतला वाजण्याचा हिशोबही मी पाठ करून ठेवला आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असतील तर तास-दीड तासाने वाजतो, १०० असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० असतील तर तीन मिनिटांच्या आत. म्हणजे रक्तात जसा तो भरत जातो तशाच हिशोबाने. उगाच क्षणभर शेगडी समोरून नेली म्हणून बोंबलत नाही.

आणि एकदा तो खरंच वाजला. २०२२ च्या मे मध्ये चुलतभावाची हळद आमच्या घरी होती, अवकाळी पाऊस आला, मंडपवाल्याने भिजू नये म्हणून जनरेटर उचलून ओसरीत आणून ठेवला. नाचगाणं चालू, कोणाचं लक्ष नाही. मागच्या खोलीत पाच-सहा लेकरं झोपवली होती. डीजेच्या आवाजातही ते चार ठोके मला ऐकू आले, चार, थांबा, परत चार. धावत गेलो, स्क्रीनवर ११२. मंडपवाला म्हणे आवाजानं वाजत असेल भाऊ. मी काहीच बोललो नाही, बाया धावल्या, लेकरं उचलली, पावसात बाहेर काढली, जनरेटर बंद. एक पोरगं चिडचिड करत डोकं धरून बसलं होतं, बाकी सगळी नीट. वाजल्यावर कुठून येतं ते शोधत बसायचं नसतं, आधी माणसं मोजून बाहेर, जाता जाता दारं उघडी टाकायची, कोणाला भोवळ-उलटी असेल तर १०८. शोधणं नंतर.

लावणं एका दुपारचं काम होतं. सांभाळणं सात वर्षांचं. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, बाजाराला निघायच्या आधी, मुलगा काठीने तिन्ही डब्यांचं बटण दाबतो, हे ठरलेलं आहे. बटण दाबल्यावर वाजणं म्हणजे सेल आणि भोंगा ठीक आहे. शेगडीवर धरून कोणी तपासू नका, यंत्र खराब होतं. पावसाळ्यात चिलटं धुराच्या डबीच्या त्या अंधाऱ्या कप्प्यात शिरतात आणि अर्ध्या रात्री उगाच वाजतं. कापसाच्या दिवसांत तंतू जाळीवर बसतात, मी मऊ ब्रशने महिन्याला झाडतो, पाण्याने पुसत नाही. दिवाळीला रंग द्यायचा असला की काढून कपाटात, रंग वाळला की परत जागेवर, कारण जाळीवर रंगाचा एक थर बसला तर ते बंदच. सेल पण दर दिवाळीला नवे. मधे एकदा माझ्या लक्षात आलं की धुराच्या डबीला सेलच नाही, मायने भिंतीवरच्या घड्याळात घातला होता, म्हणे वाजत होतं टिक टिक, मी थांबवलं. मी चिडलो नाही. तिला बाजेवर बसवून टिक म्हणजे काय ते सांगितलं, आणि तेव्हापासून घड्याळाचे सेल घरात वेगळ्या डब्यात असतात आणि याचे वेगळ्या.

आमच्या गावात आता चार घरांत या डब्या आहेत. पण मला डब्यांपेक्षा जास्त समाधान दुसऱ्या गोष्टीचं आहे. आशाताई नवजात लेकराच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, वजन पाहतात, ताप पाहतात. मी त्यांना आमच्या घरची सगळी गोष्ट सांगितली. आता त्या थंडीत खोलीत शिरल्या की आधी बाजेखाली वाकून पाहतात, खिडकी हाताने सरकवून पाहतात, आणि शेगडी असेल तर स्वतः उचलून आंगणात ठेवतात. शेक द्या, दिवसा द्या, दार उघडं ठेवून द्या, झोपताना शेगडी बाहेर. बाया ऐकतात त्यांचं.

तर ‘एंड’ आल्यावर नवी डबी मागवली. धुराच्या दोघींना अजून तीन वर्षं आहेत, त्यांना दहा असतात. नवी आली त्या दिवशी बहीण आणि भाची आलेल्या, संक्रांतीचं वाण घेऊन. मी जुनी डबी फिरवून काढली तर मागे भिंतीवर एक पांढरा गोल निघाला, सात वर्षांपूर्वीच्या रंगाचा, आजूबाजूची भिंत पिवळट झालेली, आणि गोलाच्या मधोमध मामाच्या नाकाच्या उंचीची ती पेन्सिलची खूण. मामा मागच्या श्रावणात गेला. मी काही वेळ तसाच उभा राहिलो.

भाची सात वर्षांची झाली आहे, दुसरीत आहे, प्रश्न फार विचारते. मला म्हणाली, “मामाजी, हे काय करते?” मी म्हटलं रात्री आपण सगळे झोपतो ना, तेव्हा हे जागल करते. तिने काठी मागितली. एक कान खांद्याला दाबून, एक डोळा मिटून तिने नव्या डबीचं बटण दाबलं, चार ठोके वाजले, आणि स्वयंपाकघरातून माय हात पुसत धावत आली आणि पहिल्यांदा खिडकी उघडली.